मेंबर सहलीला नेणारी गाडी

निकालाच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर गुलाल उडायला लागला की गावोगावचे पुढारी एकमेकांना मिठ्या मारायचे, आणि मिठीतून सुटले की पहिला फोन मला करायचे. गाडी मोकळी आहे का, एवढंच विचारायचे. कुठं जायचं ते मी विचारायचो नाही आणि ते सांगायचे नाहीत. पण उद्या सकाळी माझ्या गाडीत पाच-सहा माणसं इस्त्रीचे कपडे घालून बसणार, त्यांच्या कानामागचा गुलाल अजून निघालेला नसणार आणि निम्म्यांना आपण कुठं चाललोय याचा पत्ता नसणार, हे मला ठाऊक असायचं.

मी ड्रायव्हर. विट्याच्या पूर्वेला माळावर आमची धनगरवस्ती आहे. आबांपर्यंत, म्हणजे माझ्या वडिलांपर्यंत, आमच्या घरानं मेंढरं राखली. पाऊस सरला की कळप घेऊन पलूसच्या बाजूला नदीकाठी उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पाऊस पडायच्या बेताला माघारी यायचं. मला चाकाचं वेड. आधी विटा-पलूस वडाप मारलं, म्हणजे खाजगी जीपमध्ये माणसं कोंबून नेली-आणली. मग बारा सीटची मोठी गाडी घेतली. लग्न, देवदेव, दवाखाना अशी भाडी करता करता एकदा इस्लामपूरकडच्या एका गावानं मेंबर न्यायला बोलावलं. मी तोंड बंद ठेवलं आणि माणसं वेळेवर आणून सोडली. झालं, तिथनं पुढं सातारा-सांगलीच्या अर्ध्या पुढाऱ्यांकडं माझा नंबर गेला. आबा म्हणायचे, मी मेंढरं राखली आणि पोरगं मेंबरं राखतंय, तेवढाच काय तो फरक. वर हेही म्हणायचे की मेंढरं राखणं सोपं, ती फितूर होत नाहीत.

या अंकाचे संपादक एकदा वऱ्हाडी म्हणून माझ्या गाडीत बसले होते. घाटात माझ्या गोष्टी ऐकून हे लिहून काढाच म्हणाले. वाक्यं त्यांनी सरळ केली आहेत. माणसांच्या बोलण्याला मात्र हात लावायचा नाही, असं मी त्यांना बजावून ठेवलंय. आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. गाव मला अजून घरात घेतं, ते तसंच राहिलेलं बरं.

शहरातल्या वाचकाला हा धंदा काय ते सांगायला पाहिजे. पूर्वी गाव सरपंच थेट निवडत नसे. गावानं मेंबर निवडायचे आणि मेंबरांनी आपल्यातला एक सरपंच करायचा. नऊ मेंबर असले तर पाच हात वर झाले की सरपंच. आता गंमत अशी की मेंबर निवडून यायचे एका दिवशी आणि सरपंच निवडायची बैठक लागायची त्याच्यानंतर बऱ्याच दिवसांनी. या मधल्या दिवसांत पाचाचे चार व्हायची भीती. कुणाचा पाहुणा येऊन चहा पाजून जाणार, कुणाचा साडू रुसणार, कुणाला उपसरपंचपद दिसणार. म्हणून पुढारी आपले पाच मेंबर उचलायचा आणि बैठकीच्या दिवसापर्यंत लांब नेऊन ठेवायचा. पेपरवाले याला पळवापळवी म्हणतात. मी सहल म्हणतो, कारण माझ्या गाडीत बसलेल्या माणसाचं वजन परत येईपर्यंत वाढलेलं असायचं.

या धंद्याला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं एकदा सहा मेंबर सांभाळून दाखवावेत. गाडी निघाली की सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जायचे आणि पिशवी पुढाऱ्याच्या मेव्हण्याच्या मांडीवर. महाबळेश्वरला कधी जायचं नाही, कारण तिथं सगळेच जातात. शनिवारचा उपास कुणाचा, साखर कुणाला वाढलीय, कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही, हे ड्रायव्हरनं पहिल्या दिवशी ओळखायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचा दिवस. बैठकीला अगदी वेळेवर पोचायचं. लवकर पोचलं तर विरोधी गट गाठतो, उशिरा पोचलं तर दार बंद. गाडी अशी लावायची की गाडीचं दार आणि ग्रामपंचायतीचं दार यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढीच जागा राहिली पाहिजे. मेंबर उतरला की पायरीवरच. यात माझा हात धरणारा आजही कुणी नाही, हे मी मिशीला पीळ देऊन सांगतो.

एकदा एका गटाला घेऊन मी कोकणात उतरलो. गणपतीचं दर्शन घेतलं, माणसं वाळूत उतरली, तर समोरून विरोधी गटाची माणसं विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून येताना दिसली. त्यांच्या पुढाऱ्यालाही कोकणच सुचलं होतं. दोन्ही पुढारी तोंडं फिरवून आपापल्या गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या. मेंबर मात्र एकमेकांचे चुलतभाऊ, मावसभाऊ, शाळेतले दोस्त. त्यांनी वाळूत रेघा मारून कबड्डी मांडली. गट पाडताना पॅनेल कुणी बघितलं नाही, जाडे एकीकडं आणि बारके एकीकडं असे गट पाडले. परत येताना त्यांची गाडी घाटात बंद पडली आणि त्यांचे मेंबर माझ्या गाडीत मांडीवर बसून आले. बैठकीत कोण कुणाचा हेच कुणाला उमगेना. शेवटी जो कबड्डीत चांगला खेळला होता तो सरपंच झाला, आणि चांगला निघाला.

दुसरे एक गिऱ्हाईक होते गलाईवाले. आमच्या विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, हे सगळ्यांना माहीतच आहे. हे गृहस्थ निवडणुकीसाठी दूरच्या शहरातून गावी आले आणि मेंबर झाले. सहलीत पुढाऱ्याची बायकोही होती. जेवताना तिनं भाकरी वाढायला हात पुढं केला तशी यांची नजर पाटल्यांवर गेली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं की वहिनी, यात सोनं कमी हाय. पुढाऱ्यानं त्या पाटल्या मोठा गाजावाजा करून केल्या होत्या. वहिनींनी ताट ठेवलं आणि नवऱ्याशी बोलणं सोडलं. मोबाईलची पिशवी ज्याच्या मांडीवर होती तो मेव्हणा म्हणजे वहिनींचा सख्खा भाऊ. त्यानं पिशवी उघडून सगळ्यांना मोबाईल वाटून टाकले. संध्याकाळपर्यंत बहुमत गेलं.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. दुसऱ्यांच्या मतांना सांभाळून नेणं हे मला इमानदारीचं काम वाटायचं. मग आमच्याच गावात निवडणूक लागली, आमच्या वस्तीचा वॉर्ड बाईसाठी राखीव पडला आणि वस्तीनं माझ्या बायकोला, शालनला, उभं केलं.

आमचं गाव म्हणजे गावठाण आणि वस्ती. मधे ओढा. वर्षातले बाकीचे दिवस त्यात धूळ असते, पण वरच्या बाजूला वळीव कोसळला की पाणी येतं आणि येतं तेव्हा चांगलं कमरेइतकं येतं. त्या दिवशी वस्तीची पोरं शाळेला जात नाहीत, आजारी माणूस दवाखान्यात जात नाही आणि जगाला कोकण दाखवणारी माझी गाडी अलीकडच्या काठावर उभी राहते. ओढ्यावर फरशीचा पूल व्हावा एवढीच वस्तीची मागणी. ती आबांच्या तरुणपणापासूनची होती. शालन या एका पुलावर निवडून आली, कुठल्याच पॅनेलमधून नाही.

गावठाणात दोन पुढारी. एक अण्णा. कॅनॉलचं पाणी आल्यापासून उसाचे मालक झालेले, बोलायला गोड. दुसरे सुभेदार. फौजेतून रिटायर झालेले, अर्धं हिंदीत बोलणारे आणि रोज पहाटे पळणारे. निकाल लागला तेव्हा स्वतःला धरून अण्णांचे चार, सुभेदारांचेही तसेच चार आणि मधे आमची शालन एकटी. सरपंचपद बाईसाठी होतं. अण्णांना आपली सून करायची होती, सुभेदारांना आपली भावजय. दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं, पण ते सोडा.

अण्णा आधी आले. आमच्या अंगणात बाजेवर बसले, चहा घेतला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, 'गड्या, गाडी तुझी, बायको तुझी, भाडं बी तुलाच. असं भाडं तुला जल्मात गावलं न्हाई.' मला हसू आलं आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. ते गेले तोवर सुभेदार आले. त्यांनी उभ्यानंच सांगितलं की गाडी उद्या सकाळी रेडी ठेव, दोन्ही टाक्या फुल. माझ्या गाडीला एकच टाकी आहे. दोघांचाही समज असा की ड्रायव्हर ठरवला म्हणजे मेंबर ठरला.

मी घरात गेलो. शालन भाकरी थापत होती. मी मोठ्या खुशीत म्हटलं की चल, तुला दर्या दाखवतो. कुणाच्या पैशानं, तेही सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, 'आवं, एवढी वर्सं गावच्या बायका दर्यावर न्हेल्यासा. मला कवा न्हेलंसा? आता मत हाय म्हणून याद आली व्हय?'

मी चुलीपुढं खाली बसलो. तिला राग आला होता आणि तिचा राग बरोबर होता, एवढं मला कळत होतं. वर्षानुवर्षं मी माणसं गाडीत भरून नेली, पण त्यांच्यातल्या एकालाही असं कुणी विचारलं असेल का, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिनं पुढं एवढंच सांगितलं की मी कुणाच्याच गाडीत बसणार नाही, तुमच्याही नाही. मी घरात राहणार आणि बैठकीला चालत जाणार. मत कुणाला द्यायचं ते वस्तीला विचारणार, कारण मत वस्तीचं आहे.

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं वस्ती जमली. तिथं जसं भांडण झालं तसं मी पुढं कुठल्याच सभेत ऐकलं नाही. एकानं सांगितलं की आम्ही तुला निवडलं, आता डोकं तू चालव, परत आम्हाला विचारायचं असेल तर तुला मेंबर कशाला केली. दुसरा उसळला की वा रे वा, म्हणजे एकदा मत दिलं की पाच वर्षं तोंड शिवून बसायचं का. बायका म्हणाल्या, जो पूल देईल त्याला दे. मग दोघा पोरांना अण्णांकडं आणि सुभेदारांकडं धाडलं. दोघांनीही चहा संपायच्या आत पूल कबूल केला. अण्णा तर वर दिवाही लावू म्हणाले. पोरं खुशीत परत आली. आबा देवळाच्या पायरीवर बसले होते.

'एवढ्या बिगीनं दोघं बी व्हय म्हणत्यात, म्हंजे करायचं कुणालाच न्हाई,' आबा म्हणाले. 'शालन, तूच उभी ऱ्हा.'

एकटी बाई, एक मत. हसण्यावारी जाणारी गोष्ट. पण वस्तीला ती पटली आणि तसा निरोप दोघांना गेला. त्याच रात्री दोन्ही गट आपापले चार मेंबर घेऊन सहलीला गेले. अण्णांनी सातारची गाडी केली होती, सुभेदारांनी इस्लामपूरची. आमची गाडी दारात उभी. निवडणुकीच्या सीझनमध्ये माझी गाडी दारात उभी राहिली ती त्याच वेळी. मी तिचं ऑईल बदललं, सीटं धुतली, दोनदा धुतली.

आता काय झालं ते नीट ऐका, कारण हे आमच्याच भागात होऊ शकतं. एरवी मेंबरांच्या हातात मोबाईल असते तर एका गटातली बातमी दुसऱ्या गटात संध्याकाळपर्यंत पोचली असती. दोन्हीकडं मावसभाऊ आहेतच की. पण मोबाईल पिशवीत आणि पिशव्यांची राखण कडक. अण्णांनी लांब कुठंतरी लॉजवर बसून विचार केला की ही बाई ऐन वेळी सुभेदाराला मिळाली तर आपण बुडालो, त्यापेक्षा आपल्या सुनेचा अर्ज काढून घेऊ आणि आपले चार हात शालनला देऊ. सरपंच आपण केली असं होईल आणि ती आपल्या शब्दात राहील. सुभेदारांनीही दुसऱ्या कुठल्यातरी लॉजवर पळून आल्यावर, घाम पुसता पुसता, नेमका हाच विचार केला. दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. डाव फुटू नये म्हणून.

बैठकीच्या दिवशी शालन ओढा ओलांडून चालत गेली. मी गावठाणात बाहेर कट्ट्यावर. दोन्ही गाड्या वेळेवर आल्या. सातारच्या ड्रायव्हरनं गाडी उलटी लावली, मेंबर रस्त्याच्या बाजूला उतरले. मला राहवेना, पण आज गाडी माझी नव्हती. आत तिघींचे अर्ज झाले. अर्ज मागे घ्यायची वेळ आली तशी अण्णांची सून उठली आणि तिनं अर्ज काढून घेतला. अण्णा सुभेदारांकडं बघून मिशीत हसले. तेवढ्यात, सुभेदार अडवायच्या आत, त्यांची भावजय पढवल्याप्रमाणं उठली आणि तिनंही काढून घेतला. अण्णांचं हसू गेलं आणि सुभेदारांना हसायला मिळालंच नाही. निवडणूक घ्यायला तहसीलमधून आलेल्या साहेबांनी कागद खालीवर केले आणि सांगितलं की एकच अर्ज उरलाय, मतदानाची गरज नाही, शालनबाई बिनविरोध सरपंच.

आतलं हे मला शालननं नंतर सांगितलं. मग दोन्ही पुढारी एकदम दाराकडं धावले आणि दोघांनीही आपापल्या माणसांना आपला सरपंच झाला म्हणून ओरडून सांगितलं. दोन्ही बाजूंनी गुलाल. शालन दारात आली ती इतकी लाल की मी तिला पातळावरून ओळखली. घरी येऊन तोंड धुताना ती हसत होती. म्हणाली की मला हात कुणीच वर केला नाही, गुलाल मात्र दोघांनी टाकला.

त्या आठवड्यात मी तिला गाडीत बसवून दर्या दाखवला. गाडीत आम्ही दोघंच, बाकीच्या सीटा रिकाम्या.

तिची पाच वर्षं सोपी गेली नाहीत. उपसरपंचपद दोघांच्या माणसांना अडीच-अडीच वर्षं वाटून द्यावं लागलं. कुठलाही विषय निघाला की अण्णा म्हणायचे, आम्ही केली म्हणून तू सरपंच. सुभेदार म्हणायचे, हमने बनाया. पुलाचा ठराव करायचा तर आधी अण्णांच्या दारात जाऊन बसायचं, मग सुभेदारांच्या दारात. ती जायची. परत येऊन भांडी आपटायची, पण जायची. लोक मला सरपंचपती म्हणून चिडवायचे. मी त्यांना सांगायचो की मी सरपंचांचा ड्रायव्हर आहे, आणि तोही बिनपगारी. शेवटी पूल झाला. उद्घाटन दोनदा झालं. गावठाणाच्या टोकाला अण्णांनी फीत कापली, वस्तीच्या टोकाला सुभेदारांनी. मधे उभी राहून शालननं दोन्हीकडं टाळ्या वाजवल्या.

मग सरकारनं सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. पुढं ते दुसऱ्या सरकारनं मोडलं, आणि नंतर थेट निवडणूक परत आली. माझी गाडी त्या कायद्याबरोबर कधी चालू, कधी बंद. विट्याच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर यावर रोज संसद भरायची. सुभेदार जुन्या पद्धतीचे. ते विचारायचे, देशाचा राष्ट्रपती कसा होतो? आमदार-खासदारच निवडतात ना? मग तिथं जे चालतं ते सरपंचाला चालायला काय धाड भरलीय? अण्णा म्हणायचे, ते दिल्लीचं दिल्लीला, गावाचा कारभारी गावानं निवडावा. अण्णांचा मोठा मुलगा तयार झाला होता आणि गावठाणात त्यांची भावकी मोठी, हे सगळे जाणून होते.

मला विचाराल तर माझी पंचाईत होती. जुन्या पद्धतीनं माझं पोट भरलं. आणि वस्तीसारख्या थोड्या मतांच्या जागेतली बाई सरपंच झाली तीही जुन्या पद्धतीनंच. थेट मतदानात गावठाणाची मतं एवढी जास्त की वस्तीनं स्वप्नसुद्धा बघू नये. शिवाय थेट सरपंच एका गटाचा आणि मेंबर दुसऱ्या गटाचे असले की काय होतं तेही मी पाहिलंय. सरपंच खुर्चीत आणि ठराव पाटावर, कुणी हलत नाही. पण मेंबरांच्या हातचा सरपंच कसा होतो, हे गाडीच्या आरशातनं माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. मी टपरीवर माझी सुधारणा मांडली होती. जुनी पद्धत ठेवायची तर ठेवा, पण निकाल लागला त्याच दिवशी, गुलाल वाळायच्या आत, तिथंच मेंबरांना बसवून सरपंच निवडा. मधे दिवसच नकोत. सहल आपोआप बंद. सगळे हसले. ड्रायव्हर स्वतःच्याच पोटावर पाय देतोय म्हणाले.

आमच्या गावाला थेट निवडणूक लागली तेव्हा पद सगळ्यांना खुलं होतं. अण्णांचा मुलगा उभा राहिला. सुभेदारांनी आपला पुतण्या उभा केला. शालन म्हणाली, मी पण. मी तिला समजावलं, की बाई गं, हे गणित बसत नाही. वस्तीचं एक न् एक मत पडलं तरी तू तिसरी. इज्जत जाईल. 'मागल्या येळंला मला कुणी सरपंच केलं ते मला ठावं हाय,' ती म्हणाली. 'दोघांच्या डावानं केलं. गावाला मी पायजे का नगं, हे मला अजून ठावं न्हाई. ते मला इचारायचं हाय.'

मग मी गाडीवर कर्णा बांधला. निवडणुकीत पहिल्यांदा माझ्या धावत्या गाडीत मेंबर नव्हते, नुसती हाक होती. शालन गावठाणात घरोघर गेली. कुणी पाणी दिलं, कुणी दार लोटून घेतलं. कुणी तोंडावर सांगितलं की बाई, काम चांगलं केलंस, पण भावकी सोडता येत नाही.

मोजणीच्या दिवशी कचेरीत आम्ही दोघं एका बाकावर. आकडे वॉर्डावॉर्डानं सांगत होते. वस्तीचा वॉर्ड झाला, तिथं तिला जवळजवळ सगळी मतं, अपेक्षेप्रमाणं. मग गावठाणाचे वॉर्ड. अण्णांचा मुलगा निवडून आला. सुभेदारांचा पुतण्या तिसरा. शालन दुसरी. मी उठून तिची पिशवी घेतली, आता निघू म्हटलं. ती जागची हलली नाही. कारकुनाला तिनं विनवून विचारलं की गावठाणातले माझे आकडे परत एकदा सांगा. त्यानं सांगितले. गावठाणात तिला वस्तीपेक्षा जास्त मतं पडली होती. तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मला वाटलं हरली म्हणून. सरपंच झाली त्या दिवशी सुद्धा मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता.

गावात आलो तर वेशीपासून अण्णांच्या मुलाची मिरवणूक पुढं गेलेली, रस्त्यावर गुलालाचा चिखल. शालननं मला गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरली. पहिल्या घरापुढं जाऊन तिनं हात जोडले. मग दुसऱ्या. अण्णांच्या भावकीच्या दारातही. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागनं न्यायला लागलो आणि खिडकीतून म्हटलं की अगं, यातल्या निम्म्यांनी तुला दिलेलं नाही.

'कुणी दिलं आन् कुणी न्हाई, ते ठावं हाय का तुमास्नी?' ती म्हणाली. 'मला बी न्हाई. तवा दोनच दारं पुजावी लागली. आता सगळ्यांस्नीच राम राम घालाय पायजे.'

मधल्या आळीत एका मोठ्या घराच्या दारात एक बाई उभी होती. अण्णांच्या भावकीतली. आमची तिची ओळख नाही, तिचं नाव मला आजही माहीत नाही. आत पुरुष मंडळी निकालाच्या गप्पा मारत होती. शालननं हात जोडले तशी ती बाई पायरी उतरून खाली आली. एकदा मागं बघितलं आणि हळूच म्हणाली, 'वैनी, मी तुमास्नीच दिलंय. घरात कळू देऊ नगा.' आणि पदर सावरून आत गेली.

शालन पुढच्या दाराकडं वळली. ऊन कलायला लागलं होतं, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आता बस की गाडीत, मी म्हटलं, पाय दुखतील.

ती मागं न बघता म्हणाली, 'अजून खालची आळी ऱ्हायली हाय.'